जॉर्डनच्या वाळवंटी भूमीत: यात्रेकरूंसाठी व्यावहारिक मार्गदर्शन

पवित्र भूमीच्या यात्रेला निघणाऱ्या अनेक समूहांच्या कार्यक्रमपत्रिकेत जॉर्डन देशाचे दोन-तीन दिवस असतात. नबो पर्वत, यार्देन नदीचा पूर्व तीर, मादाबाचे चर्च, पेत्राची खडकात कोरलेली नगरी ही नावे वाचून मन आधीच तेथे पोहोचते. तयारी करताना पारपत्र, प्रार्थनापुस्तक आणि कॅमेरा यांची आठवण सर्वांना राहते. आपण जेथे पाऊल ठेवणार आहोत ती भूमी बव्हंशी वाळवंट आहे, हा विचार मात्र मागे पडतो. म्हणून या लेखात आम्ही त्या प्रवासाची व्यावहारिक बाजू क्रमाने मांडत आहोत.

सर्व सूचनांचे सार एका वाक्यात सांगता येते. वाळवंटात माणसाचा घात पाणीच करते. कधी ते नसल्यामुळे, कधी ते अकस्मात आल्यामुळे. पैसे, सामान, वेळापत्रक यांत झालेली चूक सुधारता येते. पाण्याच्या बाबतीत झालेली चूक सुधारण्याची संधी मिळेलच असे नाही.

देश आणि ऋतू

जॉर्डनचे क्षेत्रफळ सुमारे ८९,००० चौरस किलोमीटर आहे. वायव्येकडील डोंगराळ पट्ट्यात शेती व दाट वस्ती आहे. पूर्व आणि दक्षिण भाग वाळवंटाचा. राजधानी अम्मान टेकड्यांवर वसलेली आहे. तेथून मृत समुद्राचा किनारा मोटारीने साधारण एका तासाच्या अंतरावर, परंतु तो समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर खाली आहे. एवढ्याशा प्रवासात हवामान पार बदलते.

उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट या महिन्यांत, यार्देनचे खोरे, मृत समुद्राचा परिसर आणि अकाबा येथे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीत अम्मान व पेत्रा येथे कडाक्याची थंडी असते आणि काही वर्षी बर्फही पडते. 'वाळवंट म्हणजे उष्णता' अशा समजुतीने केवळ सुती कपडे घेऊन जाणाऱ्यांचे हाल होतात. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने प्रवासाला सुखाचे. मात्र याच महिन्यांत अवकाळी पुराचाही संभव असतो; त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कागदपत्रे, चलन आणि वेळ

पारपत्राची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाचे नियम बदलत असतात. ते प्रवासापूर्वी जॉर्डनच्या दूतावासाकडून नक्की करून घ्यावेत. जे अम्मानच्या विमानतळावर उतरतात त्यांच्यासाठी 'जॉर्डन पास' नावाची सोय आहे. देशात प्रवेश करण्यापूर्वी हा पास घेतला आणि किमान तीन रात्री मुक्काम केला, तर व्हिसाचे शुल्क माफ होते व पेत्रासह अनेक स्थळांचे प्रवेशशुल्क त्यातच येते. नबो पर्वताचे शुल्क त्यात येत नाही. जेरुसलेमकडून यार्देन ओलांडून येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. किंग हुसेन पूल, ज्याला पलीकडे अॅलनबी पूल म्हणतात, तेथे येताक्षणी व्हिसा मिळत नाही. तो आधीच हाती असावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून या प्रदेशात वेळोवेळी हवाई मार्ग व सीमा बंद झाल्या आहेत. म्हणून निघण्याच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पुन्हा एकदा पाहाव्यात.

चलन दिनार. १९९५ पासून त्याचा दर अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. १ दिनार म्हणजे सुमारे १.४१ डॉलर. आकडा लहान दिसला तरी रक्कम लहान नसते. एका दिनारचे १,००० फिल्स होतात, त्यामुळे किमतीत दशांश चिन्हापुढे तीन अंक लिहिलेले आढळतात. १.२५० म्हणजे सव्वा दिनार, साडेबाराशे नव्हे.

अरबी अंकांबाबत मराठी वाचकाने विशेष सावध असावे. तेथे पाच हा अंक गोल लिहितात, अगदी आपल्या शून्यासारखा. आणि शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. आपल्या डोळ्यांना जे 'शून्य' दिसते त्याचा अर्थ तेथे 'पाच'. शब्द उजवीकडून डावीकडे लिहीत असले तरी संख्या आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचतात.

२०२२ पासून जॉर्डनने घड्याळ ऋतूप्रमाणे बदलणे सोडले आहे. तेथील वेळ बारा महिने भारताच्या अडीच तास मागे असते. पलीकडे जेरुसलेममध्ये मात्र हिवाळ्यात घड्याळ आणखी एक तास मागे असते. सीमा ओलांडण्याच्या दिवशी या फरकाने बस चुकू शकते. साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार. रविवार हा कामाचा दिवस. आपत्कालीन मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक ९११ आहे.

सामानात काय नसावे

मुंबईहून अम्मानला जाताना अनेकांना आखाती देशांतील विमानतळावर विमान बदलावे लागते. तेथील औषधविषयक कायदे फार कडक आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुळीच नेऊ नयेत; चिठ्ठी असली तरी त्या देशात पूर्वपरवानगी लागते का, याची चौकशी करावी. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस तेथे मादक पदार्थांत गणली जाते आणि तीवरून प्रवाशांना अटक झाल्याच्या घटना घडल्या आहेत. वाटेतील शिदोरीत प्रेमाने बांधून दिलेले अनारसे, खसखस घातलेले लाडू वा मसाला घरीच ठेवावा.

पहिले भय: तहान आणि ऊन

वसई, मुंबई वा कोकणात राहणाऱ्यांना घामाची सवय असते. सदरा अंगाला चिकटला की शरीरातील पाणी कमी होत आहे हे कळते. वाळवंटातील कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर सुकून जातो. सदरा कोरडा राहतो, मनुष्य समाधानात राहतो आणि शरीर मात्र आतून शुष्क होत जाते. तहान ही उशिरा येणारी सूचना आहे. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी प्यावे. उन्हात चालण्याच्या दिवशी प्रौढ व्यक्तीला तीन ते चार लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी लागते. लघवीचा रंग गडद होणे, डोके दुखणे, चिडचिड होणे ही शरीराची स्पष्ट लक्षणे समजावीत.

पुष्कळ यात्रेकरू, विशेषतः भगिनी, वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने पाणी पिणे टाळतात. ही सवय तेथे धोक्याची आहे. मार्गदर्शकाला विचारून थांबे आधीच ठरवून घ्यावेत, म्हणजे हा संकोच उरत नाही.

केवळ पाणी पुरत नाही. घामावाटे मीठही जाते. जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येकाच्या पिशवीत असावीत. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी, आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. इन्सुलिन उभ्या बसमध्ये सोडून जाऊ नये. बंद बसमधील उष्णतेने ते निकामी होते.

कपडे सैल, फिकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. उघड्या अंगापेक्षा झाकलेले अंग उन्हात कमी भाजते. तेथील बदवी लोक पायघोळ वस्त्रे वापरतात ती उगीच नव्हे. रुंद काठाची टोपी, काळा चष्मा आणि पाय पूर्ण झाकणारे सवयीचे बूट घ्यावेत. नवे बूट यात्रेत प्रथमच घालू नयेत. दुपारी बारा ते चार या वेळेत चढण टाळावी.

एखादा सहयात्री असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला वा अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून ओले करावेत, वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे बर्फ वा थंड पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि ९११ क्रमांकावर कळवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुसरे भय: कोरड्या दरीतील पूर

अरबी भाषेत 'वादी' म्हणजे दरी. वाळवंटात ती बहुतेक वेळ कोरडीच असते. अशी वादी चालण्यास सोयीची, सावलीची आणि मोहक असते. परंतु वाळवंटाची कठीण, वृक्षहीन जमीन पावसाचे पाणी शोषून घेत नाही. दूर डोंगरावर एक जोरदार सर पडली की ते सर्व पाणी दगडधोंड्यांसह वादीतून खाली धावते. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पूर येऊ शकतो. त्याला तेथे 'सैल' म्हणतात.

एप्रिल १९६३ मध्ये पेत्राच्या अरुंद घळीत असाच पूर आला. फ्रान्सहून आलेला यात्रेकरूंचा एक समूह तेव्हा त्या घळीत होता. वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत त्यांच्यासोबत असलेले धर्मगुरू आणि बायबलचे अभ्यासक जाँ स्टाइनमान हेही होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मृत समुद्राजवळील एका वादीत पुराने २१ जणांचा बळी घेतला. त्यांत सहलीला आलेली शाळकरी मुले बरीच होती. पुढच्याच महिन्यात पुन्हा पूर येऊन बारा वा अधिक जण दगावले आणि पेत्रातून हजारो पर्यटकांना बाहेर काढावे लागले. या तिन्ही घटनांचे महिने पाहावेत: एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबर. यात्रेसाठी उत्तम म्हणून आपण निवडतो तेच हे महिने आहेत.

पेत्रा वसवणारे नबाती लोक हे जाणून होते. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांनी घळीच्या मुखाशी बांध घालून पुराचे पाणी खडकात खोदलेल्या बोगद्यातून दुसरीकडे वळवले आणि पिण्याचे पाणी मात्र नळीमार्गाने व टाक्यांतून नगरीत आणले. पुढे काळाच्या ओघात ती व्यवस्था मोडकळीस आली. १९६३ च्या दुर्घटनेनंतर घळीच्या मुखाशी पुन्हा बांध उभारण्यात आला. आज तेथे सूचना देणारी यंत्रणाही आहे. परंतु सूचना ऐकणारा माणूस नसेल तर यंत्रणेचा उपयोग शून्य.

म्हणून पुढील नियम पाळावेत. सकाळी निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज विचारावा, तोही केवळ आपण जाणार त्या गावाचा नव्हे, तर वरच्या डोंगरांचाही. पावसाचा इशारा असेल तर वादीत उतरू नये. आत असताना पाणी गढूळ होऊ लागले, वारा एकाएकी थंड झाला, दुरून गडगडाट आला किंवा भोंगा वाजला, तर धावत बाहेर जाण्याच्या प्रयत्नात न पडता जवळच्या उंच खडकावर चढावे. पिशवी, कॅमेरा, चप्पल यांसाठी परत फिरू नये. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर बस त्यातून नेण्याचा आग्रह चालकाला करू नये. तो थांबला तर त्याचे आभार मानावेत. पाऊस आला म्हणून मार्गदर्शकाने कार्यक्रम रद्द केला, तर 'आम्ही पैसे भरले आहेत' असा वाद घालू नये.

पेत्रा, वादी रम आणि मृत समुद्र

पेत्रा अम्मानहून सुमारे २३० किलोमीटर दक्षिणेस आहे. प्रवेशद्वारानंतर 'सिक' नावाची सुमारे १.२ किलोमीटर लांबीची घळ चालून जावी लागते. दर्शनी प्रासाद पाहून परतणाऱ्यालाही जाऊन-येऊन चार किलोमीटरहून अधिक चाल पडते, आणि परतीची वाट चढाची असते. 'दैर' नावाच्या उंचावरील वास्तूपर्यंत आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तो मोह टाळावा. त्या पायऱ्या गाढवावर बसून चढणे सोपे वाटते, पण उतरताना पडण्याचा धोका मोठा असतो. प्रवेशद्वाराजवळची घोडेस्वारी तिकिटातच आहे असे सांगितले जाते. तरी शेवटी बक्षिशी मागतात. रक्कम बसण्यापूर्वी ठरवावी.

वादी रम हे ७०० चौरस किलोमीटरहून मोठे संरक्षित वाळवंट आहे. तेथे स्थानिक बदवी चालकाशिवाय आत जाऊ नये. सर्वत्र मोबाइलचे जाळे मिळत नाही. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबावे. शोध घेणाऱ्यांना गाडी दिसते, एकटा चालणारा माणूस दिसत नाही. रात्री तंबूत मुक्काम असेल तर लोकरीचे कपडे हवेत, कारण हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो. सकाळी बूट घालण्यापूर्वी झटकावेत; विंचू त्यांत शिरतात.

मृत समुद्राचे पाणी सामान्य समुद्रापेक्षा सुमारे दहापट खारट आहे. त्यात माणूस बुडत नाही असे म्हणतात, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. पालथे झाल्यास पुन्हा उताणे होणे कठीण जाते व तोंडात गेलेले ते पाणी घातक ठरते. पाठीवर तरंगावे, पोहू नये, पाणी उडवू नये, एकट्याने उतरू नये. आदल्या दिवसापासून दाढी करू नये. लहानशी जखमही असह्य झोंबते. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येऊन गोड्या पाण्याने अंग धुवावे. पाण्याची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटरने घटत असल्याने किनाऱ्याची जमीन ठिकठिकाणी खचते. नेमून दिलेल्या जागेखेरीज कोठेही उतरू नये.

पवित्र स्थळी जाताना

नबो पर्वतावरून मोशेने वचनदत्त भूमी पाहिली. ते स्थळ १९३० च्या दशकापासून फ्रान्सिस्कन बंधूंच्या देखरेखीखाली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मे २००९ मध्ये त्यास भेट दिली. धुके वा धूळ असल्यास पलीकडचे काही दिसत नाही. शक्यतो सकाळी लवकर जावे. मादाबा येथील ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या जमिनीवर पवित्र भूमीचा सहाव्या शतकातील नकाशा रंगीत खड्यांत जडवलेला आहे. तो पाहताना दोराच्या आत पाऊल टाकू नये.

प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचे स्थळ, ज्याला तेथे 'अल-मगतस' म्हणतात, २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथील आपल्या लॅटिन विधीच्या चर्चचे अभिषेचन १० जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल पारोलिन यांच्या हस्ते झाले. हे स्थळ खोल खोऱ्यात असल्यामुळे ऊन फार प्रखर. बसने सोडल्यावरही बरेच चालावे लागते. नदी येथे अगदी अरुंद आहे आणि तीच सीमा आहे. पलीकडच्या तीरावरील यात्रेकरू हाकेच्या अंतरावर दिसले तरी पाण्यातून पुढे जाऊ नये. नदीचे पाणी गढूळ व दूषित आहे. श्रद्धेने मस्तकी लावावे, पिऊ नये. घरी नेण्याची बाटली विमानाच्या मोठ्या सामानात घट्ट बांधून ठेवावी.

पवित्र मिस्सा अर्पण करावयाची असल्यास स्थळ व वेळ काही आठवडे आधी लेखी ठरवावी. जॉर्डनमधील लॅटिन कॅथलिक धर्मग्राम जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्केटच्या अधीन आहेत. तेथील मिस्सेत परमेश्वराला 'अल्लाह' म्हणून हाक मारलेली ऐकून दचकू नये. अरबी भाषेत ख्रिस्ती जनही पूर्वापार हाच शब्द वापरतात.

लोकरीत आणि चार शब्द

जॉर्डनचे लोक अतिथ्यशील आहेत. कॉफी उजव्या हाताने घ्यावी. पुरे झाल्यावर पेला हलकेच हलवून परत द्यावा, नाही तर तो पुन्हा भरला जातो. स्त्रियांची छायाचित्रे विचारल्यावाचून काढू नयेत. लष्कर व सीमेवरील चौक्या यांची तर कधीही काढू नयेत. राजघराण्यावर टीका करू नये. मुस्लिम बांधवांत धर्मपत्रके वाटणे कायद्याने अडचणीचे ठरते. ती बरोबर नेऊच नयेत. रमजान महिन्यात दिवसा रस्त्यावर खाणे, पिणे वा धूम्रपान करणे निषिद्ध आहे. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, त्यामुळे काही वर्षे तो आपल्या प्रायश्चित्तकाळातच पडतो. अशा वेळी पाणी बसमध्ये वा आडोशाला प्यावे, परंतु पिणे चुकवू नये.

अरबी भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. हिशेब, किंमत, दुकान, हवा, साबण हे शब्द तेथे थोड्या वेगळ्या उच्चाराने ऐकू येतात. उपयोगी पडणारे काही शब्द असे: शुक्रन म्हणजे आभार, मय्य म्हणजे पाणी, हम्माम म्हणजे स्वच्छतागृह, कनीसा म्हणजे चर्च, मुस्तश्फा म्हणजे रुग्णालय, मम्नूअ म्हणजे मनाई. आणि कोणी 'सैल, सैल' असे ओरडत असेल, तर अर्थ विचारत न बसता उंच जागा गाठावी.

समूहप्रमुखांसाठी

धर्मगुरू वा समूहप्रमुख यांच्यावर मोठा भार असतो. प्रत्येक यात्रेकरूचे आजार, औषधे व घरचा दूरध्वनी क्रमांक यांची यादी जवळ असावी. प्रत्येकाची जोडी ठरवून द्यावी आणि बस सुटण्यापूर्वी मोजदाद करावी. पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब रोज सकाळी स्वतः पाहावा. आणि स्थानिक मार्गदर्शक 'आज जाऊ नका' म्हणाला, तर समूहाची नाराजी पत्करूनही त्याचे ऐकावे. राहिलेले स्थळ पुढच्या यात्रेत पाहता येईल.

जॉर्डन हा जगातील अत्यंत पाणीटंचाई असलेल्या देशांपैकी एक आहे. अम्मानमधील अनेक घरांत नळाला पाणी आठवड्यातून एखादाच दिवस येते आणि छतावरील टाकीतून ते पुरवून वापरावे लागते. निवासगृहात आपल्यासाठी नळ सतत वाहतो, तो त्यांच्या वाट्यातून. तेव्हा पिण्यासाठी बंद बाटलीचे पाणी घ्यावे, वापरण्याचे पाणी बेताने वापरावे आणि स्नानगृहातील नळ नीट बंद करूनच यात्रेला बाहेर पडावे.

आपली यात्रा सुखरूप आणि फलदायी होवो.